विकास बँकेच्या पैशातून कौशल्य प्रशिक्षण: आमच्या संस्थेनं सही करावी का?

पारडीकर | मंगळवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी,

पूर्व नागपुरात आमची एक लहान धर्मादाय संस्था आहे. अभ्यासिका, शिवणवर्ग, दहावी सुटलेल्या मुलांचे सतरा नंबरचे फॉर्म भरून देणं, अशी कामं. मोठ्या पैशाची आम्हाला सवय नाही. दिवाळीच्या आसपास इतवारीतले चार व्यापारी देणगी देतात, त्यात वर्षाची वीजबिलं निघतात.

आता उद्योग आणि विकासकामांना पैसा पुरवणारी एक विकास बँक आमच्याशी करार करायला तयार झाली आहे. मुदत तीन वर्षं. १८ ते ३० वयाची मुलंमुली, निम्मी शहरातल्या वस्त्यांतली, निम्मी मौदा, कुही, भिवापूरकडची. मुलं आणणं आणि शिकवणं आमच्याकडे, पैसा आणि देखरेख त्यांच्याकडे. बँकेचं नाव आत्ता घेत नाही, कागद व्हायचे आहेत. मसुद्यात चार कोर्स आहेत: सीएनसी (संगणकावर चालणारं कातकामाचं यंत्र) ऑपरेटर, दवाखान्यातला जनरल ड्युटी असिस्टंट (जीडीए), सोलर पॅनल बसवणं आणि दुचाकी दुरुस्ती. प्रत्येक बॅच तीस जणांची, तीन महिन्यांची. यश कशाला म्हणायचं ते एका ओळीत उरकलंय: प्रमाणपत्र मिळालेल्यांपैकी ७० टक्क्यांना रोजगार.

विश्वस्तांमध्ये दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं, घरी चालत आलेल्या लक्ष्मीला नाही म्हणू नये. दुसरे म्हणतात, आपण वस्तीचे राहणार नाही, बँकेचे कारकून होऊ. मला दोघांचंही पटतं, पण माझी भीती निराळी आहे. तीन वर्षांनी बँक आपल्या वाटेनं जाईल आणि ज्यांची नोकरी टिकली नाही ती पोरं रोज माझ्या दारावरून जातील.

ज्यांनी असं काम जवळून पाहिलंय त्यांनी मोकळेपणानं लिहा. गोड लिहिलं नाही तरी चालेल.


बुटीबोरीचा_वाघ | मंगळवार, रात्री ११:०५

मी बुटीबोरी एमआयडीसीत एका कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात आहे. भरती मीच बघतो, म्हणून लिहितो.

सीएनसी तीन महिन्यांत? यंत्र आहे का तुमच्याकडे, की कॉम्प्युटरवर सिम्युलेटर दाखवून भागवणार? आमच्याकडे मुलगा आला की मी फाइल उघडतच नाही. हातात व्हर्नियर (बारीक मोजमापाचं हत्यार) देतो आणि एक तुकडा मोजायला सांगतो. मग साधं ड्रॉइंग पुढे ठेवतो. टूल ऑफसेट म्हणजे काय ते विचारतो. या तिन्हीत पास होणारा मुलगा प्रमाणपत्राशिवायही लागतो. नापास होणाऱ्याला चकचकीत प्रमाणपत्र काही वाचवत नाही. तीस जणांत एक यंत्र असेल तर एकेकाच्या वाट्याला किती वेळ येईल, तुम्हीच हिशेब करा.

दुसरं, कंपनीत 'लागला' म्हणजे बहुतेक वेळा ठेकेदाराच्या पगारपत्रकावर लागला. पीएफ आणि ईएसआयचा नंबर पडला का, हे विचारायला पोरांना शिकवा. तुमच्या कोर्समध्ये हा अर्ध्या दिवसाचा तास असलाच पाहिजे. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी.

आणि अप्रेंटिसचा रस्ता का धरत नाही? १९६१ च्या कायद्यानुसार तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, आणि या गणतीत ठेक्यावरची माणसंही धरतात. आमच्यासारख्यांना दरवर्षी हा आकडा भरायचा असतो. तुम्ही दोन महिने पाया पक्का करून द्या, पुढचं वर्षभर कंपनीत विद्यावेतनावर शिकू द्या. तीन महिन्यांत ऑपरेटर बनवायचा हट्ट सोडा.

जाता जाता: पारडीहून बुटीबोरीची सकाळची पाळी कशी गाठणार? प्रजापती नगरहून मेट्रोनं सीताबर्डी, तिथं गाडी बदलून खापरी, पुढे मिळेल ते. पहिली मेट्रो निघते तोवर आमची पहिली पाळी यंत्रावर उभी असते. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यात बुटीबोरी आहे, पण तुमच्या पहिल्या बॅचला त्याचा उपयोग नाही.


सावनेरचा_पोट्टा | मंगळवार, रात्री ११:४०

राजेहो, थोडं आमच्यासारख्यायचंबी आयका.

मलेबी असंच एका सेंटरवाल्यानं धरून नेलं होतं. नाव घेत नाही, बंद पडलं ते. शिकवलं बरं, खोटं कायले बोलू. मंग चाकणले पाठवलं. पगार सांगतला एक अन् हाती आला एक. खोलीचे कापले, जेवनाचे कापले, कंपनीच्या गाडीचे कापले. एका खोलीत आठ-दहा जन. दिवाळीले जो घरी आलो तो वापस गेलोच नाही. पन त्याहिच्या कागदावर मी आजबी 'लागला' म्हनूनच आहो. एक फोन नाही आला कोनाचा, की बाबू तू जिता हायेस का मेला.

आता माहं दुचाकीचं दुकान हाय. ते शिकलो मामाच्या ग्यारेजवर, शिव्या खात खात. म्हनून पारडीकर भाऊ, एक सांगतो. तुमच्या कोर्सात कार्बोरेटर शिकवून राहिले असान तर बंद करा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराचा नियम आला, नवीन गाड्यायमंदी फ्युएल इंजेक्शन हाय. स्कॅनर लावल्याशिवाय बिमारी समजत नाही. अन् आता ब्याटरीवाल्या गाड्या येऊन राहिल्या, त्याच्यातलं तं आमच्या गावात कोनालेच जमत नाही. ते शिकवा. मीच येऊन बसतो पहिल्या बाकावर.


माजी_शाखाधिकारी | बुधवार, सकाळी ७:१५

बँकेत आयुष्य गेलं, त्यातला बराच काळ पूर्व विदर्भात. धागाकर्त्यांनी नाव घेतलेलं नाही, पण निम्मी मुलं शहरी वस्त्यांतली म्हटल्यावर ती नाबार्ड नसावी, एवढा तर्क करतो. नाबार्ड १९८२ ची, तिचं सगळं चित्त शेती आणि खेड्यात. बचतगटांच्या बायांसाठी एमईडीपी नावाचं लहान प्रशिक्षण आणि एलईडीपी नावाचं जरा लांब पल्ल्याचं, असे तिचे कार्यक्रम संस्थांमार्फतच चालतात. सिडबी १९९० ची, मुख्यालय लखनौ, लहान उद्योगांसाठी. तिला शहर वर्ज्य नाही. असो. नाव काही का असेना, स्वभाव सारखाच.

विकास बँक म्हणजे पासबुक भरून देणारी बँक नव्हे. तिला ठेवीदाराच्या रांगा नाहीत. तिचं बघणं दहा-पंधरा वर्षांचं असतं. आपली नागपूर मेट्रोच घ्या. पहिल्या टप्प्याला जर्मनीच्या केएफडब्ल्यूनं आणि फ्रान्सच्या एएफडीनं कर्ज दिलं, या दोन्ही विकास बँकाच. अशी बँक तुमच्यासारख्या संस्थेला अनुदान देते तेव्हा दानपेटीत पैसे टाकत नसते. शिकलेला मुलगा उद्या धंदा काढेल, कर्ज घेईल, फेडेल. किंवा ज्या लहान कारखान्यांना ती पैसा पुरवते त्यांना शिकलेली माणसं मिळतील. तिच्या मनात हा हिशेब असतो आणि त्यात गैर काही नाही. तुम्ही तो ओळखून बोलणी करा. 'गरीब मुलं आहेत हो' असं म्हणून टेबलावर काही मिळत नाही. 'तुमचं अमुक उद्दिष्ट आमच्यामुळे गाठलं जाईल, त्याला एवढा खर्च आहे' असं म्हटलं की कान टवकारतात.

धर्मादाय संस्था आणि बँक यांची जोडी जमल्याचं भारतातलं जुनं आणि खणखणीत उदाहरण कर्नाटकातलं. १९८२ साली धर्मस्थळाजवळ उजिरे इथे मंजुनाथेश्वर शैक्षणिक ट्रस्ट, सिंडिकेट बँक आणि कॅनरा बँक यांनी मिळून रुडसेटी काढली. ग्रामीण तरुणांना राहतं ठेवून थोड्या आठवड्यांत एखादा धंदा शिकवायचा, तोही फुकट. पुढे केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानं तेच रूप उचललं आणि जिल्ह्याजिल्ह्यात आरसेटी (ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था) झाल्या. आपल्या जिल्ह्याची अग्रणी बँक (जिल्ह्यातल्या बँकांचं काम जुळवणारी) म्हणजे बँक ऑफ इंडिया, इथली आरसेटीही तिचीच. तुमच्या कुही-भिवापूरच्या मुलांपैकी ज्यांना नोकरी नको, धंदा हवाय, त्यांना सरळ तिकडे पाठवा. तुम्ही वेगळी चूल मांडायची गरज नाही.

पण उजिऱ्याहून उचलायची गोष्ट फुकट शिकवणं ही नाही. तिथं आणि आरसेटीत कोर्स संपल्यावर दोन वर्षं पाठपुरावा करायचा नियम आहे. मुलगा कर्जासाठी शाखेत गेला का, मॅनेजरनं परत पाठवला का, दुकान उघडलं की यंत्र विकून टाकलं, हे बघणारा माणूस पगारावर असतो. तुमच्या मसुद्यात तो माणूस आहे का? त्याचा पगार खर्चाच्या कोणत्या शीर्षाखाली आहे? नसेल तर सही करू नका. हे मी पुन्हा लिहितो, सही करू नका.


वाचनमात्र | बुधवार, सकाळी ८:०२

वाचनखूण साठवली. काकांचा प्रतिसाद वेगळा लेख व्हावा असा आहे.


उत्तर_अंबाझरी | बुधवार, दुपारी १:३०

सगळे फार भक्तिभावानं लिहितायत म्हणून जरा कडू लिहितो.

हे क्षेत्र बदनाम का झालं, तर पैशाच्या हप्त्यांमुळे. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ ला आली. २०१६ ते २०२० च्या दुसऱ्या टप्प्यात केंद्रचालकाला पैसे कसे मिळायचे बघा: बॅच सुरू झाली की ३० टक्के, प्रमाणपत्र झालं की ५०, नोकरी लागली की २०. म्हणजे ८० टक्के रक्कम नोकरीच्या आधीच खिशात. उरलेल्या २० साठी पोरांमागे पुणे, सुरत, हैदराबाद करत फिरायचं की त्या वेळात पुढची बॅच भरायची? कोणीही शहाणा माणूस दुसरं करेल, आणि तसंच झालं. वरच्या सावनेरच्या भाऊला फोन का आला नाही, याचं उत्तर या हप्त्यांत आहे. तो सेंटरवाला दुष्टच असेल असं नाही. चौथ्या टप्प्यात तर अल्प मुदतीच्या कोर्सची नोकरीशी घातलेली गाठच सोडून टाकली.

माझ्या ओळखीच्या एकानं पाहिलेला प्रकार: ऑफर लेटर छापून देणाऱ्या एजन्सीच होत्या. तीन महिन्यांच्या पगारपावत्यांसकट.

पारडीकर, तुमच्या बँकेचे हप्ते कसे आहेत तेवढं सांगा. यशाची व्याख्या वगैरे नंतर बघू.


प्रशासन | बुधवार, दुपारी २:१०

पक्षीय राजकारणाचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. उड्डाणपुलांसाठी वेगळा धागा आहे, तिकडे जा.


पारडीकर | बुधवार, रात्री ९:४५

सगळ्यांचे आभार. हप्ते असे आहेत: ४० टक्के सुरुवातीला, ४० प्रमाणपत्रानंतर, २० रोजगाराचा पुरावा दिल्यावर. पुरावा म्हणजे नियुक्तिपत्र किंवा पहिल्या महिन्याची पगारपावती. थोडक्यात, उत्तर_अंबाझरी म्हणतात तेच, फक्त आकडे सरकवलेले.

पाठपुरावा करणाऱ्या माणसाचं शीर्ष नाही. 'प्रशासकीय खर्च' म्हणून एक आकडा आहे, त्यात खुर्च्या, झेरॉक्स, चहा आणि माझी पेट्रोलची बिलं येतात.

सोमवारी बँकेच्या साहेबांशी बसायचंय. त्याआधी दवाखान्याच्या कोर्सबद्दल कोणी सांगेल का? मुलींच्या आया त्याबद्दलच जास्त विचारतात.


धंतोलीची_सिस्टर | बुधवार, रात्री ११:१५

मी सांगते. धंतोली-रामदासपेठ पट्ट्यात दवाखान्यांत वर्षानुवर्षं काम केलंय, आता वॉर्डची इनचार्ज आहे. (आता ड्युटीवरूनच लिहितेय, चुका पोटात घाला.)

मागणी आहे, त्याबद्दल शंका नको. नागपुरात पेशंट फक्त नागपूरचे नसतात. बालाघाट, छिंदवाडा, सिवनी, राजनांदगाव, इकडे गडचिरोली-गोंदिया, सगळे इथेच येतात. शिवाय मिहानला एम्स झालं. जीडीएची मुलगी चांगली असेल तर एक दवाखाना दुसऱ्याकडून पळवतो.

पण शिकवायचं काय? मी पाहिलेल्या बऱ्याच मुलींना शरीरातल्या हाडांची नावं पाठ असतात आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर वळवता येत नाही. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी वळवायचं असतं, ते दोन जणींनी चादर धरून कसं करायचं, हे हातानंच शिकावं लागतं. युरिन बॅग रिकामी करून मोजून लिहून ठेवणं. नाकातल्या नळीवाल्याला आडवं ठेवून भरवायचं नाही. नातेवाईक अंगावर आले तर काय बोलायचं आणि काय मुळीच बोलायचं नाही. यासाठी शंभर खाटांच्या दवाखान्यात रोज चार तास उभं राहू द्या, वर्गात कमी बसवा. त्याचा लेखी करार आधी करून ठेवा, नाहीतर ऐनवेळी मुली बाहेर बाकड्यावर बसतात.

मुलींना आणि त्यांच्या घरच्यांना पहिल्या दिवशी दोन गोष्टी स्पष्ट सांगा. एक, हा कोर्स केल्यानं नर्स होत नाही. एएनएम, जीएनएम हे नर्सचे कोर्स वेगळे, त्यांची परिषद वेगळी, प्रवेश वेगळा. कित्येक ठिकाणी हे मुद्दाम धूसर ठेवतात आणि मुलगी वर्षभरानं माझ्याजवळ येऊन रडते. दोन, रात्रपाळी असते. ती नको असेल तर हा धंदा नको.

पण मुली काम सोडतात त्याचं खरं कारण रात्रपाळी किंवा भित्रेपणा हे नसतं. रात्री आठला ड्युटीवर यायला बस आहे, सकाळी आठला जायलाही आहे. दुपारची पाळी रात्री नऊला सुटते तेव्हा पारडी-कळमन्याकडे जायला काही नसतं. ऑटोला पगाराचा केवढा तरी भाग जातो. आमच्याकडे ज्या मुली टिकल्या त्यातल्या बऱ्याच जणी दवाखान्याजवळ तिघी-चौघी मिळून खोली करून राहणाऱ्या आहेत. तुमच्या बँकेला म्हणावं, पहिल्या सहा महिन्यांच्या खोलीभाड्याचा अर्धा वाटा द्या. सत्कार समारंभाचे पैसे त्यात वळवा. दरवेळी शाल-श्रीफळ, फ्लेक्स आणि नाश्त्यावर किती जातात ते मला माहीत आहे.


बुटीबोरीचा_वाघ | बुधवार, रात्री ११:३२

सिस्टर, दंडवत. फ्लेक्सबद्दल विशेष.


हिशेबनीस | गुरुवार, सकाळी १०:५०

मी सनदी लेखापाल, बऱ्याच सार्वजनिक न्यासांचे हिशेब तपासतो. तुमचं काम कितीही सुंदर असो, गाडी कागदावर अडते. म्हणून रुक्ष पण गरजेचं लिहितो.

धर्मादाय आयुक्तांकडे तुमचे चेंज रिपोर्ट मंजूर आहेत का? विश्वस्त बदलले की महाराष्ट्र सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम २२ खाली तो द्यावा लागतो. निम्म्या संस्थांत एखादे विश्वस्त वारलेले असतात आणि कागदावर अजून अध्यक्ष असतात. बँकेचा विधी विभाग सगळ्यात आधी हेच काढतो. आयकर सवलतीची नोंदणी (१२एबी संस्थेसाठी, ८०जी देणगीदारांसाठी) मुदतीची असते, तारीख बघा. नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवर नोंद हवी. कंपन्यांचा सीएसआर (समाजकार्यासाठीचा) निधीही जोडीला घ्यायचा असेल तर सीएसआर-१ फॉर्म भरलेला हवा.

या प्रकल्पासाठी स्वतंत्र खातं उघडा. देणगीच्या खात्यात बँकेचं अनुदान मिसळलं की विनियोग प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावरच खर्च झाला याचा दाखला) देताना माझ्यासारख्याचे केस पांढरे होतात.

आता खरी अडचण. ४०-४०-२० मध्ये पहिला हप्ता आगाऊ आहे, हे बरंच आहे. पण दुसरा हप्ता 'प्रमाणपत्रानंतर' म्हणजे कधी? परीक्षा, निकाल, तुमचं विनियोग प्रमाणपत्र, त्यांची तपासणी, यात चार-पाच महिने सहज जातात. शिक्षकाचा पगार मात्र दर महिन्याला द्यायचा असतो. लहान संस्था इथे मोडतात. विश्वस्त स्वतःच्या एफडी मोडून पगार देतात, मी पाहिलंय. करारात लिहून घ्या की कागद दिल्यापासून अमुक दिवसांत हप्ता मिळेल. ते ऐकणार नाहीत असं समजू नका, बहुतेक संस्था विचारतच नाहीत.


मुंबईकर_माजी_नागपूरकर | गुरुवार, रात्री ८:२०

मी याच क्षेत्रात आहे, देणाऱ्यांच्या बाजूला. एक प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे.

२०२१ मध्ये राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ, ब्रिटिश एशियन ट्रस्ट आणि इतर काही देणगीदार संस्थांनी मिळून 'स्किल इम्पॅक्ट बाँड' काढला. रक्कम १.४४ कोटी डॉलर, चार वर्षांत ५० हजार तरुण, त्यात ६० टक्के मुली-स्त्रिया. त्याची रचना अशी: सुरुवातीचा खर्च जोखीम घेणारे गुंतवणूकदार करतात. प्रशिक्षण देणारी संस्था त्या पैशावर काम करते. निकाल त्रयस्थ तपासनीस बघतो, आणि तो म्हणाला की जमलं, तरच देणगीदार गुंतवणूकदारांना पैसे परत करतात. निकालांत नोंदणी आणि प्रमाणपत्र आहेच, पण खरा भर नोकरी लागण्यावर आणि तीन महिने टिकण्यावर.

माझ्या मते यातली कळीची गोष्ट बाँड नाही, जोखीम कोणाच्या डोक्यावर आहे ही आहे. तुमच्या मसुद्यात शेवटचे २० टक्के अडकले तर ते तुमच्या शिक्षकाच्या पगारातून जाणार. बाँडमध्ये ते ज्याला परवडतं त्याच्या खिशातून जातात. म्हणून 'टिकण्यावर पैसे द्या' अशी मागणी करताना सांभाळा. बँक आनंदानं हो म्हणेल आणि जोखीम मात्र तुमच्याकडेच ठेवेल. टिकवण्याचा खर्च आधी मागा, टिकल्याचं बक्षीस नंतर.


उत्तर_अंबाझरी | गुरुवार, रात्री ८:४४

मान्य. आणि त्रयस्थ तपासनीस हा शब्द अधोरेखित करतो. तुम्हीच शिकवणार, तुम्हीच फोन करणार, तुम्हीच 'टिकला' म्हणून टिक करणार, तर पुन्हा तेच.


सावनेरचा_पोट्टा | गुरुवार, रात्री ९:१०

तपासनीस कायले पाहिजे, मले द्या यादी. एका इतवारी सगळ्यायले फोन लावतो. पोट्टे साहेबाले खोटं सांगतीन, मले नाही सांगत.

अन् लोनचं कोनी लिहिलंच नाही. मुद्राचं शिशु लोन ५० हजारापर्यंत, तारण लागत नाही म्हनते. मी गेलो तं साहेबानं 'जामीनदार आन' म्हनलं. कोनती बँक ते नाही सांगत, त्याच गल्लीत दुकान हाय माहं.


माजी_शाखाधिकारी | शुक्रवार, सकाळी ७:००

मुद्राला तारण मागता येत नाही, तो साहेब चुकला. लेखी नकार मागा, बहुतेक वेळा तिथेच सूर बदलतो. तरी नाही बदलला तर अग्रणी बँकेच्या जिल्हा व्यवस्थापकाकडे अर्ज द्या. पारडीकर, तुमच्या मुलांसोबत पहिल्यांदा शाखेत जायला संस्थेचा माणूस हवा तो यासाठीच. बाजूला खुर्ची ओढून कोणी बसलं असेल तर त्याच मुलाशी तोच अधिकारी वेगळं बोलतो. दुर्दैव आहे, पण आहे.

आणि सावनेरच्या भाऊची सूचना विनोदात काढू नका. आधीच्या बॅचची मुलं पाठपुराव्याला घेतली तर स्वस्तही पडतं आणि खरंही कळतं.


पारडीकर | मंगळवार, रात्री १०:०५

मंडळी, बैठक झाली. उशिरा लिहितोय कारण नंतर विश्वस्तांची दुसरी, जास्त लांबलेली बैठक होती.

तुमचे प्रतिसाद छापून नेले होते (टोपणनावं काढून). साहेब तरुण होते, ऐकून घेतलं. पाठपुराव्याच्या माणसाचं वेगळं शीर्ष मान्य, दोन जणांचं, प्रत्येक बॅचनंतर वर्षभर. आम्ही दोन वर्षं मागितली होती. त्यातला एक जण आधी शिकून बाहेर पडलेला असेल, असं आम्ही लिहून दिलंय. शेवटचा हप्ता आता नियुक्तिपत्रावर नाही. सहाव्या महिन्यात माणूस कामावर किंवा स्वतःच्या धंद्यात आहे का, हे बँकेनं नेमलेला तपासनीस फोनवर विचारेल. मुंबईकरांचं ऐकून तो हप्ता २० वरून १० वर आणायला सांगितलं. तेवढं नाही झालं, १५ वर तुटलं.

सीएनसीचा कोर्स काढून टाकला. त्यावर आमच्या अध्यक्षांना फार वाईट वाटलं, कारण पत्रकात तोच सगळ्यात भारी दिसत होता. त्याऐवजी मोजमाप, ड्रॉइंग आणि यंत्रावरची सुरक्षितता असा दोन महिन्यांचा पाया, वीस जणांची बॅच, पुढे अप्रेंटिसशिप. कार्यशाळा आमची नाही, ती संध्याकाळी भाड्यानं मिळते का बघतोय. दुचाकीत इंजेक्शन आणि इलेक्ट्रिक गाड्या घेतल्या, स्कॅनर बँकेच्या खर्चात. सोलर तसाच राहिला. छतावरच्या सोलरला सरकार ७८ हजारांपर्यंत अनुदान देतंय तोवर कामं निघतायत, पण पावसाळ्यात ही मुलं काय करणार याचं उत्तर आमच्याकडे नाही. साहेबांकडेही नव्हतं.

खोलीभाड्याला बँकेनं साफ नाही म्हटलं. 'प्रशिक्षणेतर खर्च' बसत नाही म्हणाले. सत्कार समारंभाचं शीर्ष मात्र बसतं! सिस्टर, मी तुमचं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं. हसले, पण शीर्ष हलवता आलं नाही. भाड्यासाठी एखाद्या कंपनीच्या सीएसआरकडे जावं लागेल.

सही अजून केलेली नाही. हप्ता किती दिवसांत, हे कलम त्यांच्या विधी विभागाकडे गेलंय. हिशेबनीस, आमचे दोन चेंज रिपोर्ट प्रलंबित निघाले, तुम्हाला व्यक्तिगत निरोप करतो.


धंतोलीची_सिस्टर | मंगळवार, रात्री ११:२०

खोलीचं बघू. आमच्या दवाखान्यामागे एका काकूंचा वरचा मजला रिकामा आहे, सहा जणी राहू शकतील. काकू कडक आहेत, नऊनंतर दार उघडत नाहीत, पण ड्युटीचा कागद दाखवला तर ऐकतात. भाडं विचारून सांगते. कुही-भिवापूरच्या मुली आधी घ्या, पारडीच्यांना निदान घर तरी आहे.


बुटीबोरीचा_वाघ | बुधवार, सकाळी ६:४०

पायाच्या कोर्सची पहिली बॅच कधी? आमचा अप्रेंटिसचा आकडा यंदा अजून भरलेला नाही. व्हर्नियर कोणत्या घेताय ते विकत घेण्याआधी मला विचारा, बाजारात स्वस्तातल्या मिळतात त्या महिनाभरात ढिल्या होतात. आणि त्या सावनेरच्या भाऊचा नंबर द्या, माझी गाडी चढावर बंद पडते.


सावनेरचा_पोट्टा | बुधवार, सकाळी ७:२५

कोन्ती गाडी हाय? बीएस-६ असन तं घेऊन या. जुनी असन तं आधी प्लग साफ करून पाहा, फुकटात काम होते.